नाना, लिल्लासुंडला अजून कळवलेलं नाही

प्रिय नाना,

आज रविवार. संध्याकाळी तुझ्या स्वीडनच्या लिल्लासुंड क्लबची हंगामातली पहिली फुटबॉल मॅच आहे, आणि तिथल्या त्या इंगर अक्काचा मेसेज सकाळी परत आला. 'नाना, तू बरा आहेस ना? आम्ही मैदानावरचा उरलेला बर्फ फावड्यांनी काढला. तू एवढा गप्प का?' फोन तुझा आहे, पण खिशात माझ्या आहे. तिला काय उत्तर देऊ? तिला देण्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून लिहायला बसलोय. गिरणीतच बसलोय, तुझ्या स्टुलावर. मधे गिऱ्हाईक आलं तर उठावं लागेल.

काकाला पत्रात 'तुम्ही' लिहितात, हे मला माहीत आहे. पण आपण घरात अहिराणी बोलायचो, तिथं सगळे एकमेकांना तूच. 'तुम्ही' लिहिलं की मला वाटतं मी बँकेत अर्ज करतोय. चालवून घे.

तर नाना, त्यांना अजून कळवलेलं नाही. तू भर थंडीत गेलास. तिकडे तेव्हा हंगाम बंद, मैदान बर्फाखाली, म्हणून बरेच दिवस कोणी काही विचारलंच नाही. बाकी सगळ्यांना फोन मीच केले. चोपड्याला, भडगावला, धुळ्याच्या मावशीला. भडगावच्या दादांना तर ऐकूच येईना, मला तीनदा ओरडून सांगावं लागलं, आणि असलं काही ओरडून सांगणं किती वाईट असतं! ते जाऊ दे. स्वीडनला मात्र कळवलं नाही. काकू दोनदा म्हणाली, "त्या अक्काला सांग रे बाबा." मी म्हणालो, सांगतो. विसरलो नाही, नाना. मुद्दाम नाही सांगितलं.

का? कारण मी जळतो त्यांच्यावर! आजपासून नाही, पहिल्यापासून.

बाप गेला तेव्हा मी चड्डीत फिरत होतो. तुला मूल नव्हतं, मला बाप नव्हता. मला वाटलं हिशेब सरळ आहे, तू माझा. आणि मग एका दिवशी फोनवर फुकटात क्रिकेट शोधता शोधता तू भलतंच काहीतरी उघडून बसलास. हिरव्या शर्टातली पोरं पावसात फुटबॉल खेळत होती. कॅमेरा एकच, तोही वाऱ्यानं हलत होता. बघायला मूठभर म्हातारी माणसं, हातात कॉफीचे थर्मास. हिरवी टीम दणकून हरली. मी म्हणालो, नाना, बंद कर ना, क्रिकेट लाव. तू म्हणालास, "थांब रे भो." कारण हरलेल्यांचा गोलकीपर कुंपणापाशी गेला आणि बघायला आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत गेला. प्रत्येकाशी! तू ते शेवटपर्यंत बघितलंस. त्या दिवशी माझा काका गेला, नाना. हृदयविकारानं गेलास ते नंतर.

मग काय! गिरणीत क्लब, जेवताना क्लब. वर्गणी भरून सभासद झालास. तिकडून इंगर अक्कानं पोस्टानं लोकरीचा हिरवा मफलर पाठवला, आणि तू तो जळगावच्या वैशाखात गळ्यात घालून दळण दळायला बसायचास. लोक विचारायचे, नाना, ताप आहे का? मी एकदा फक्त मागितला होता. धुळ्याला जाताना, एक दिवस घालायला. "सभासदच घालतस तो," म्हणालास. मीठ मागितल्यासारखं सहज मागितलं होतं मी. तू तिजोरीच्या किल्ल्या मागितल्यासारखं तोंड केलंस.

पण गोष्टी सांगायचास, त्या भारी सांगायचास. हे मी जळत असलो तरी कबूल करतो. हिवाळ्यात शेतात भरिताला बसलं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी टाकली, की तुझा क्लब सुरू. आगपेटीच्या कारखान्यातले मजूर. पाळी सुटली की कारखान्यामागच्या राखेच्या मैदानात खेळायचे. घरी जाताना गुडघ्यापर्यंत काळे. बायकांनी पोत्यांच्या कापडाचे शर्ट शिवले आणि सगळे एकाच हंड्यात हिरवे रंगवले, म्हणून आजही हिरवा. क्लबाला मालक नाही. प्रत्येक सभासदाचं एक मत, साहेबाचं एक आणि झाडूवाल्याचंही एकच. हे सांगताना तू वांगं उलटायचं विसरायचास आणि काकू ओरडायची, "तुना क्लब जळी गया, देख!"

एकदाच ते सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचले. एकच वर्ष. त्या वर्षी राजधानीची बडी टीम आली तर आपल्या अर्ध्या पोरांना ताप होता. ब्लँकेटं पांघरून बाकावर बसले, पाळीपाळीनं उठून खेळले आणि जिंकले! मग खाली आले. आणखी खाली आले. कारखाना बंद पडला. एका शेठनं मैदान मागितलं, गोदामं बांधायला. त्याच्या पैशात क्लब परत वर गेला असता. सभासदांनी हात वर करून नाही म्हटलं, आणि बायका मॅचला गोड पाव भाजून विकायला लागल्या, दिव्यांचं बिल भरायला. तू सांगायचास, "हारी ग्यात, पन मैदान त्येस्नंच शे." आणि असं बघायचास की ते मैदान आपल्याच बांधाला लागून आहे.

आणि काल्ले! माझा तो आवडता होता, म्हणून जास्त राग यायचा. पहिल्या टीमच्या कप्तानाचा धाकटा भाऊ. घरात टिकायचा नाही. आज या गावात, उद्या त्या. मॅचच्या दिवशी कुठून तरी लाकडाच्या गाडीवर बसून यायचा, बॅग गोलच्या खांबाला टेकवायचा आणि डाव्या बाजूनं पळायला लागायचा. तो यायच्या आधी मॅच सुरू झाली तर? तर दहा जणच खेळायचे. डावी बाजू मोकळी. दुसरा कोणी घ्यायचा नाही. हे तू दर वेळी सांगायचास. "मोकळीच ठेवेत त्यास्नी." मी म्हणायचो, येडे आहेत का, हरतील ना! तू म्हणायचास, "हरेत ना. मंग?"

चाची आल्या. उठतो.

आलो. शेख चाची, मागच्या गल्लीतल्या. ज्वारी घेऊन आल्या होत्या. मागच्या वेळचं पीठ जाड निघालं म्हणून आल्या आल्याच सुरू झाल्या. "बेटा, ये आटा है या रेती? तेरे नाना कभी ऐसा नहीं देते थे." मी म्हणालो, चाची, चक्कीच्या दगडाला टाकी लावायची आहे, कारागीर येत नाही. "कारागीर नहीं आता कि तू ही कल भाग जानेवाला है?" सगळं पिंप्राळा याच्यावर पैजा लावून बसलंय, नाना. भूषण गिरणी किती दिवस चालवतो. मी पण बसलोय खरं तर. काल बसस्टँडवर सुरतेच्या गाडीची पाटी उगाच भरली डोळ्यांत. पण ते वेगळं.

फोन वाजला म्हणून त्यांनी विचारलं, कोणाचा. मी सांगितलं, नानांच्या स्वीडनच्या अक्काचा, त्यांना अजून माहीत नाही. चाची डबा खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. "मतलब वो औरत रोज राह देख रही है?" मी म्हणालो, देखू दे. ओढणीनं तोंडावरचं पीठ पुसलं. मग म्हणाल्या, "मेरा भाई सौदी में गुजर गया. कमरेवालों ने सोचा, घर में कैसे बोलें. हम ईद तक उसके लिए सेवइयाँ रखते रहे. मरनेवाला तो मर गया बेटा, वो सेवइयाँ मैं आज तक नहीं भूली." आणि डबा उचलून गेल्या. पीठ बारीक निघालं का ते बघितलंसुद्धा नाही.

तरी मी लगेच नाही सांगितलं. कारण तुला खरी गोष्ट अजून मी बोललोच नाही. मेल्या माणसाशी भांडता येतं का? मी भांडणार आहे.

मागच्या श्रावणातला कानबाईचा सण. मी धुळ्याला हायवेवरच्या धाब्यावर होतो. मालकाशी वाजलं होतं, हाताला भाजलं होतं, आणि कोणाला तोंड दाखवायची इच्छा नव्हती म्हणून घरी आलो नाही. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायला आई बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. नावं तू सांगायचास, घरात मोठा तू. धुऊनपुसून गिरणी तयार, पहिलं दळण कानबाईचं. तू एकेक नाव घेत गेलास, आई मूठ टाकत गेली. आणि माझ्या जागी तुझ्या तोंडून निघालं, ओस्कर.

तुझा गोलकीपर! आईनं मूठ टाकली पण. तिला वाटलं भाऊबंदकीतलं कोणाचं नवीन पोरगं असेल, आजकाल कसलीही नावं ठेवतात. मुठी बरोबर भरल्या, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. दळून झालं, रोट झाले, जेवायला बसले, तेव्हा काकूनं विचारलं, हा ओस्कर कोण? भाऊबंदांशिवाय कोणाला तो घास चालत नाही, आणि इथं मूठ स्वीडनला गेली! आईनं मला फोनवर हसत हसत सांगितलं. "तुनी मूठ गोलकीपरले गयी रे." सगळे हसले म्हणे. मी पण हसलो. फोन ठेवला आणि धाब्याच्या मागे जाऊन कितीतरी वेळ दगड मारत बसलो. कशाला मारत होतो तेही आठवत नाही. बहुतेक डब्याला.

दिवाळीला आलो तेव्हा विचारलं तुला. साधं विचारता येत नाही मला. म्हणालो, "नाना, ओस्कर नही उना का फराळले?" तू आधी हसलास. मग चकलीचा तुकडा हातातच धरून बसलास. "त्याना पाय मोडेल व्हता ना रे. आठवडाभर डोकामा तोच व्हता."

"आन मी?"

"तू तं धडधाकट शे."

धडधाकट! माझ्या हातावरचा भाजल्याचा डाग मी बाहीखाली घेतला. तू बघितला असतास तर? मी दाखवला असता तर? त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही, आणि मग थंडी आली.

अग्नी मी दिला, नाना. राख तापीत मी सोडली. आणि तेव्हा मला एक वाईट, अगदी वाईट समाधान वाटलं, ते कोणालाच सांगण्यासारखं नाही, फक्त तुला सांगतो. तुझं बाकी सगळं त्यांच्याकडे होतं. तुझे रविवार, तुझा मफलर, तुझं हसणं, माझी मूठ. पण तुझं मरण त्यांच्याकडे नव्हतं. ते एवढं माझ्याकडे होतं. म्हणून नाही कळवलं. ते सुद्धा त्यांना देऊन टाकलं तर माझ्याकडे काय राहिलं?

पण त्या शेवया डोक्यातून जाईनात. आत्ता, हे लिहिता लिहिता मधे थांबून, इंगरला पाठवलं. फोन भाषांतर करतो, म्हणून सरळ साधं लिहिलं. 'नाना थंडीत वारले. हृदय. मी पुतण्या, भूषण.'

मग उत्तर आलं. 'मी मैदानाच्या पायऱ्यांवर बसले आहे. मला रडू येत आहे.' आणि त्याच्याखाली, 'माफ कर, नानाला पुतण्या आहे हे मला माहीत नव्हतं.'

वाचलंस? माहीतच नव्हतं तिला! तिच्या कुत्र्याचं नाव मला माहीत आहे. तिचा गुडघा कोणत्या बाजूचा दुखतो ते मला माहीत आहे, तू जेवताना सांगायचास. आणि मी? मी तुझ्या तोंडून एकदाही तिकडे पोचलो नाही? मी असा तापलो की काय लिहू! मला दाखवायचं होतं की मी कोणी परका नाही, मलाही तुमचा सगळा इतिहास येतो. पोत्यांचे शर्ट, तापातली मॅच, गोड पाव, सगळं धडाधड लिहिलं. आणि शेवटी काल्ले. लाकडाची गाडी, बॅग, मोकळी डावी बाजू.

तिचं उत्तर आलं. 'बाकी सगळं खरं आहे. पण काल्ले कोण? पहिल्या टीमचा फोटो आमच्या खोलीत लावला आहे. सगळ्यांची नावं आम्हाला पाठ आहेत. कप्तानाला भाऊ नव्हता. ही गोष्ट तुला कोणी सांगितली?'

नाना! तू रचलास त्याला?

मी चक्की बंद केली. आठवत बसलो, काल्ले पहिल्यांदा कधी आला तुझ्या गोष्टीत. मी पहिल्यांदा सुरतेला पळालो आणि दिवाळीला परत आलो ना, त्या हिवाळ्यात. भरिताला सगळे मला टोमणे मारत होते. आला का राजा, परत कधी जाणार, बॅग तरी सोडली का. आणि तू मधेच सुरू केलंस, "आयका, त्या टीममा एक पोऱ्या व्हता..." टोमणे थांबले. सगळे काल्लेचं ऐकायला लागले. मी पण! मला एवढी अक्कल नव्हती की कळावं, तो मीच आहे. इतकी वर्षं त्याच्यावर पण जळत होतो मी. म्हणायचो, याला बरं कोणी बोलत नाही!

तू म्हणशील, मंग? भागलं ना तुझं? नाही भागलं. गोष्टीत जागा दिलीस ती छान आहे, नाना, पण रोटाचा घास वेगळा असतो. दहा जणांनी खेळायला तयार होतास तर त्या दिवशी आईला म्हणायचंस ना, थांब, एक नाव राहिलं. एवढंच. एवढ्यासाठी मी धुळ्याहून पायी आलो असतो. आणि तिकडे माझं नाव का नाही सांगितलंस? लाज वाटली का, की गिरणी सोडून पळतो? की काल्लेसारखंच ते पण फक्त घरातल्यांसाठी ठेवलंस? तुझं असं काय काय होतं ज्याची वाटणी तू आपल्या आपण करून टाकलीस, कोणाला न विचारता! मला आता ते कधीच कळायचं नाही, आणि हे तू चांगलं नाही केलंस.

इंगरनं मग विचारलं. त्यांच्याकडे रीत आहे, हिवाळ्यात गेलेल्या सभासदांची नावं पहिल्या मॅचच्या आधी लाउडस्पीकरवर वाचतात. सगळे उभे राहतात. 'नानाचं पूर्ण नाव पाठवशील? पण तू घरचा आहेस. तू हो म्हणालास तरच.'

तू घरचा आहेस. विचारलं तिनं मला. काकूला विचारलं नाही, आईला नाही. तुझ्या उत्तरकार्याला मंडपवाल्यानं सुद्धा मला विचारलं नव्हतं खुर्च्या कुठे लावू, थेट माझ्या मामांकडे गेला. मी फोन हातात धरून बसलो. मॅचला थोडाच वेळ उरला होता. हो म्हणायला दोन अक्षरं पण लागत नाहीत, आणि माझं बोट काही खाली येईना.

शेवटी पाठवलं. तुझं पूर्ण नाव, आणि बजावून लिहिलं की नावापुढे पिंप्राळा, जळगाव असं वाचायचं, नाहीतर वाचूच नका. तो आमचा आहे हे कळलं पाहिजे सगळ्यांना. तिनं लिहिलं, 'कळेल.'

आता अंधार पडलाय. मॅच संपली. काकूला आणि आईला बोलावलं होतं, दोघी गोणींवर बसल्या, मी फोन दळणाच्या डब्याला टेकवून ठेवला. कॅमेरा तसाच हलतो अजून. एक जाडा माणूस कागद घेऊन आला. आधी दोन-तीन त्यांची नावं. मग तुझं. तुझ्या नावाची त्यानं वाट लावली, पिंप्राळ्याला तर अडखळून परत पहिल्यापासून म्हणाला. पण म्हणाला. सगळे उभे राहिले आणि मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर धरले. आईनं विचारलं, "हाई काय करतस?" काकू म्हणाली, "त्यास्ना नानाले रामराम करी ऱ्हायनात." आणि पदर तोंडाला लावला.

ओस्कर गोलमध्ये उभा होता, पाय बरा झाला त्याचा. हातमोजे डोक्यावर धरून रडत होता. खरं सांगू? त्याला रडताना बघून मला राग आला. एवढं रडण्याइतका तो तुझा कोण? मग काकू म्हणाली, "हाऊच का तो?" मी म्हणालो, हाऊच. ती फोनजवळ वाकली, आणि म्हणाली, "बारीक व्हयना बिचारा." तेव्हा मला हसू आलं. रडता रडता हसू आलं, पिठाचा चिखल झाला तोंडावर.

दोन गोल खाल्ले त्यानं. हरले. शेवटी कुंपणापाशी जाऊन हात मिळवत गेला.

तर नाना, मी वचन देतो, पण माझ्या पद्धतीनं. गिरणी किती दिवस चालवीन ते सांगत नाही, खोटं बोलणार नाही. सुरतेला गेलो तर सुरतेत, धाब्यावर असलो तर धाब्यावर, रविवारी मॅच बघीन. त्यांच्यावर प्रेम करणार नाही. ते काम तू करून गेलास, भरपूर केलंस. मी जळत जळतच बघीन, एकेका हिरव्या शर्टावर. हरले तर तुला सांगायला मी येईन. जिंकले तर मी कशाला सांगू? त्यांचे ते लोक एवढे ओरडतात, तुला तिथं ऐकू येईलच.

तुझाच, आणि तू आधी माझा,
भूषण
पिंप्राळा, जळगाव